आत मोहन, बाहेर हात

पाथरीच्या शांतम्मांना कुणी "हे तुम्हाला जमायचं नाही" असं म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजावं. बाई तोंडाने वाद घालत नाही. पदर खोचते आणि लागते. एक्केचाळीस वर्षांपूर्वी नवी सून म्हणून या घरात आल्या तेव्हा सासूने त्यांचा पहिला वडा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "माहेरी दगड फोडायला होतीस का?" वर्षभरात तीच सासू गल्लीत सांगत फिरू लागली की वडे खावेत तर आमच्या शांतम्माच्या हातचे.

हे वडे म्हणजे भरड्याचे. हरभऱ्याची डाळ जास्त, उडीद, मूग, तूर थोडी थोडी, मूठभर तांदूळ, धने-जिरे, असं सगळं गिरणीतून जाडसर भरडून आणायचं. त्यात कडकडीत तापलेलं तेल ओतायचं, त्याला मोहन म्हणतात. मग कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यावर थापून कढईत सोडायचं. एरवी हे कधीही करावेत, पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी करावेच लागत. त्या संध्याकाळी चारठाण्याच्या मठातले स्वामी दिवसभराचा उपास सोडायला या घरी येत. त्यांच्या पानात पुरण असे, कढी-भात असे, दोन भाज्या असत आणि तळण असे. तळणावाचून पान पुरं होत नाही, आणि ते तळण घरातल्या बाईच्या हातचंच पाहिजे, हा सासूने घालून दिलेला नेम. सासू गेली, नेम राहिला. शांतम्मांनी तो कधी चुकवला नाही. बाळंतपणातून उठून विसाव्या दिवशी त्या कढईपाशी बसल्याचं गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून सांगतात.

आणि मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं.

दवाखान्याने त्याला मोठं नाव दिलं, पण आपल्याकडे अजून वारंच म्हणतात. तोंड महिन्याभरात सरळ झालं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र थरथरत राहिला. पेला धरला तर पाणी सांडायचं. तरीही बाई पहिल्याच दिवाळीला कढईपुढे गेल्या. झाऱ्यातून तेल उलटलं आणि दोन्ही पावलं भाजली. तेव्हापासून घरात ठराव झाला की आत्याबाईंनी गॅसजवळ जायचं नाही. ठराव सून वैजयंतीने केला. ती गावाबाहेरच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिचा ठराव म्हणजे ठरावच. नवऱ्याची नोकरी लातूरला, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. त्यामुळे घरात राज्य वैजयंतीचं. मनाने चांगली पोरगी. पावलं भाजली तेव्हा रात्र रात्र बसून तिनेच मलम लावलं होतं. पण काळजी करणारं माणूस कधी कधी तुरुंगाधिकाऱ्यासारखं वागतं, त्याला कोण काय करणार.

मागच्या श्रावणात तळण आचाऱ्याकडून आलं. शांतम्मा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. स्वामी जेवून गेले. त्या दिवशी शांतम्मांना पहिल्यांदा वाटलं की आपण या घरात पाहुण्या आहोत.

यंदा आषाढ लागला. घरोघरी आखाड तळायचे दिवस आले, गल्लीभर तळणाचा वास सुटला. एक दिवस दुपारी जेवताना नवरा गुरुसिद्धप्पा सहज म्हणाले, "अगं, औंदा स्वामींचं मठातच करू. शिधा पोचवला की झालं."

"आन तळण?"

"मठात करतेत की."

"मठातलं तळण माझ्या हातचं हाय का?"

गुरुसिद्धप्पांचं किराणा दुकान आहे. तराजूत घातल्यावाचून शब्द न टाकणारा माणूस. पण या वेळी त्यांच्या तोंडून निसटलं, "तुझ्या हाताचं आता काय राहिलंय?"

म्हणायचं होतं ते वेगळं. त्यांना बायकोचा त्रास वाचवायचा होता. पण शब्द बाहेर पडला तो पडला. शांतम्मांनी ताटातला घास खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाल्या, "पान घरातच मांडायचं. तळण मी करणार. कढई न्हाई लावणार, भिऊ नका."

आता कढईवाचून तळण म्हणजे मंडपावाचून लग्न. पण ओट्याच्या कोपऱ्यात एक काळं यंत्र बसलं होतं. वैजयंतीने ते दोन महिन्यांपूर्वी आणलं होतं, एअर फ्रायर. घरातलं तेल कमी करायचं म्हणून. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की यात एक थेंब तेल लागत नाही, आत गरम वारं फिरतं आणि त्यावरच सगळं तळून निघतं. तिने मास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात कागद लिहून यंत्रावर चिकटवला होता, "तेल घालू नये". शांतम्मा इतके दिवस त्याच्या वाटेला गेल्या नव्हत्या. "एकदा वारं जाऊन बसलंय अंगावरून. आता घरात वाऱ्याची मशीन कशाला?" असं म्हणून त्या ओट्यापाशी गेल्या तरी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेत.

दुसऱ्या दिवशी वैजयंती शाळेत गेली आणि शांतम्मांनी पदर ओढला नाही, खोचला. भरडा भिजवला. थरथरत्या हाताने थापायला वेळ लागला, वडे वाकडे झाले, पण झाले. कागदावर लिहिलंय तसं तेलाचं नाव काढलं नाही, मोहनसुद्धा घातलं नाही. टोपलीत आठ वडे मांडून बटण दाबलं. आत वारं घोंगावायला लागलं तशा त्या दोन पावलं मागे सरल्या, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा पुढे आल्या.

सोळा मिनिटांनी जे निघालं ते पांढरं होतं आणि त्याला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. गुरुसिद्धप्पा दुपारी जेवायला आले. त्यांनी एक वडा दातात धरला, काढला, उलटसुलट पाहिला.

"वैजयंतीला दे," ते म्हणाले. "फळ्यावर लिहायला चालंल."

एवढ्याने हटणारी बाई असती तर तिच्यावर कुणी लिहिलंच नसतं. शांतम्मांनी विचार केला, बिगर तेलाचं तळण म्हणजे बिगर नवऱ्याची वरात, तेल पाहिजेच. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी पळीभर तेल सरळ टोपलीत ओतलं, कढईत ओततात तसं. टोपलीला खाली भोकं. तेल खाली गेलं आणि वडे होते तसे कोरडे राहिले. दहा मिनिटांत यंत्राच्या पाठीतून धूर यायला लागला. नेमकी त्या दिवशी केंद्रावर बैठक म्हणून वैजयंती लवकर आली होती. दारातूनच ती ओरडली.

"आत्याबाई! काय करायलात तुमी हे?"

"तळण."

"ह्याच्यात तेल घालायचं नसतंय! लिहिलंय की मोठ्या अक्षरात!"

"मग तळण कसं व्हायचं?"

"एक थेंब लागत न्हाई म्हणला दुकानदार."

"दुकानदारानं जन्मात वडे थापलेत का?"

वैजयंतीने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, टोपली घासली आणि यंत्र उचलून लोखंडी कपाटावर नेऊन ठेवलं. रागाने नव्हे, भीतीने. तिला ती भाजलेली पावलं आठवली होती. पण शांतम्मांना ते कसं कळावं? त्यांना एवढंच दिसलं की आधी गॅस गेला आणि आता हेही गेलं.

आता गुरुसिद्धप्पा. हा माणूस बायकोला भीत नसे, सुनेला मात्र भिई. तरी दुसऱ्या दुपारी ते दुकानातून आले तेव्हा शांतम्मा कपाटापुढे मान वर करून उभ्या होत्या. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. ते बघणं गुरुसिद्धप्पांना सहन होईना. 'तुझ्या हाताचं काय राहिलंय' हे आपलं बोलणं त्यांना गेले तीन दिवस घासातल्या खड्यासारखं लागत होतं. त्यांनी स्टूल आणलं.

"पाच वाजायच्या आत परत वर गेली पायजे," ते म्हणाले. "मी कायबी बघितलं न्हाई."

मग रोज तेच. बारा वाजता यंत्र खाली, साडेचारला वर. आणि मधल्या वेळात म्हातारा-म्हातारीची शाळा.

शांतम्मांनी आता डोकं लावलं. कढईत तेल बाहेरून आत शिरतं, कारण तिथे ते भरपूर असतं. इथे शिरायला तेलच नाही. मग ते आधीच आत घालून ठेवलं तर? म्हणजे मोहन. पण मोहन कडकडीत पाहिजे आणि गॅसजवळ जायची बंदी. ते काम गुरुसिद्धप्पांवर आलं. ज्या माणसाने आयुष्यात चहा उकळला नव्हता तो पळी धरून उभा राहिला.

"तापलं कसं कळायचं?"

"जिऱ्याचा एक दाणा टाका. तडतडला की उतरा."

"आन न्हाई तडतडला तर?"

"मग गॅस पेटवा आधी."

मोहन घातलेला वडा फोडला तर आतून खुसखुशीत, डाळीचा कण न् कण मोकळा. बाहेरून मात्र पिठूळ, अंगाला राख फासल्यासारखा. गुरुसिद्धप्पांनी पूर्ण खाल्ला आणि दुसरा उचलला. शांतम्मांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"असला वडा स्वामींच्या पानात न्हाई जायचा."

वरून तेल पाहिजे हे कळलं, पण किती आणि कसं? वैजयंतीच्या कपाटात तेल-तूप लावायचा एक रबरी केसांचा ब्रश होता, तो घेतला. थरथरत्या हातात ब्रश कसला ऐकतो. एकीकडे तेलाचं डबकं, एकीकडे कोरडं. निघाले ते वडे चित्त्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे. जास्त झालेलं तेल खाली गळून पुन्हा धुराचा वास आला, तेव्हा दोघांनी वही-पुठ्ठे घेऊन खिडकीतून वारा घातला. त्या दिवशी मात्र शांतम्मा खाली बसल्या. उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला, तरी तो थरथरतच होता. "मेल्या," त्या आपल्याच हाताला म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुला पोसलं."

गुरुसिद्धप्पा दाराशीच उभे राहिले. काही बोलावं तर पुन्हा चुकायचं, म्हणून त्यांनी टोपली उचलली आणि घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शांतम्मांनी ब्रश फेकला. पुरणपोळी लाटताना बाई काय करते? तेलाचा हात लावते. तळहातावर चमचाभर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि एकेक वडा तळहातांत धरून थापटला. हात थरथरत होता तो थरथरो. उलट त्या थरथरण्यानेच तेल वड्याच्या अंगभर, कडेकडेला, बारीक भेगांत जाऊन बसलं. टोपलीत एकाला एक चिकटू नये अशा बेताने मांडले. आठ मिनिटांनी उलटले, पुन्हा तेलाचं बोट फिरवलं, पुन्हा सात मिनिटं.

टोपली ओढली आणि शांतम्मांनी "अवोऽऽ" अशी हाक मारली की गुरुसिद्धप्पा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आले. त्यांना वाटलं, भाजली. टोपलीत लालसर, खमंग, कडेला थोडे गडद असे आठ वडे होते. एक मोडला तर कुर्रकन आवाज झाला.

"वाऱ्यानं नेलेला हात वाऱ्यानंच परत आणला म्हणायचा," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"वाऱ्यानं न्हाई," शांतम्मा म्हणाल्या. "मी आणला."

मग त्यांनी मोजमाप बसवलं. एकवीस वड्यांना मोहन चार चमचे, हाताला दोन. सहाच्या वर गेलं की धूर, खाली आलं की खडू. हे मोजमाप त्यांनी कुठेही लिहिलं नाही, पण दिवसातून चार वेळा पुटपुटलं, "आत मोहन, भाईर हात."

फितुरी उघडकीला आली ती गुरुसिद्धप्पांच्या हावरटपणामुळे. त्यांनी दोन वडे संध्याकाळसाठी डब्यात लपवले आणि विसरले. वैजयंतीने डबा उघडला. एक खाल्ला. दुसराही खाल्ला. मग सासऱ्यांकडे पाहून विचारलं, "मामा, कुठून आणले?"

गुरुसिद्धप्पांनी कपाटाकडे पाहिलं. शिकवणाऱ्या बाईला तेवढं पुरतं. तिने स्टुलावर चढून यंत्र खाली काढलं, टोपली नाकाला लावली. शांतम्मा आता बोलणी खायच्या तयारीने उभ्या होत्या. वैजयंतीने टोपलीच्या तळाला बोट फिरवून पाहिलं. मग तिने विचारलं, "तेल किती?"

"सहा चमचे. एकवीस वड्यांना. मोजून."

"आन कढईला किती लागलं असतं?"

"अर्धा किलो तर वतावंच लागतंय."

वैजयंतीने 'तेल घालू नये' हा कागद नखाने खरवडून काढला. यंत्र ओट्यावर होतं तिथे ठेवलं. "मोहन तापवायला मला हाक मारा," ती म्हणाली. "मामांच्या हातात पळी बघून मला धडकी भरतीय."

श्रावणातला शेवटचा सोमवार उजाडला. शाळा अर्धी सुटली, वैजयंती दुपारीच घरी आली. पुरण तिने शिजवलं, भाज्या केल्या, मोहन तापवून दिलं. एकवीस वडे थापून, तेलाचा हात लावून ताटात तयार होते. स्वामी पाच वाजता येणार आणि वडे गरमच वाढायचे, म्हणून शांतम्मांनी पावणेपाचला बटणाला हात घातला.

आणि लाईट गेली.

पाथरीत लाईट जाणं ही काही बातमी नाही. पाच मिनिटांत येईल म्हणून सगळे थांबले. पाचाची पंधरा झाली. स्वामी आले. पंचाहत्तरीचे, वाळलेले, भस्माचे पट्टे ओढलेले, सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. वैजयंतीने पाय धुतले, आसनावर बसवलं. गुरुसिद्धप्पांनी वायरमनला फोन लावला. वायरमन म्हणाला, तार तुटलीय, काम चालू आहे. चालू आहे म्हणजे कधी होईल हे देवालाही विचारू नये. घरातला इन्व्हर्टर पंखा फिरवतो, हे यंत्र त्याला झेपत नाही.

"आत्याबाई," वैजयंती हळूच म्हणाली, "मी कढई ठिवते. वडे तुमीच थापलेत, मी नुसते सोडते. तुमचेच झाले की." खरोखरच तिने कढई गॅसवर ठेवलीही होती.

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "आईक तिचं. उपाशी म्हातारा माणूस हाय."

शांतम्मांनी कढईकडे पाहिलं. वाट सोपी होती. कुणी नाव ठेवलं नसतं, स्वामींना कळलंही नसतं. पण शेवटचं काम दुसऱ्याच्या हातून झालं असतं, आणि पुढच्या श्रावणात 'थापायलाबी कशाला बसताव' असं कुणीतरी प्रेमानेच म्हटलं असतं, आणि त्याच्या पुढच्या श्रावणात शिधा मठात गेला असता. त्यांना हे लख्ख दिसलं.

"कढई उतर," त्या म्हणाल्या.

आणि पदर सावरून त्या बैठकीत गेल्या. एक्केचाळीस वर्षांत त्या स्वामींशी नमस्कारापलीकडे बोलल्या नव्हत्या. पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडून, घरच्या रीतीचा नमस्कार घालत म्हणाल्या, "स्वामी, शरणार्थी. लाईट गेलीय. तळण व्हायचंय. ते मलाच करायचंय आन मला कढई लावता येत न्हाई. थांबावं लागंल."

गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटून घेतले. उपाशी स्वामीला थांबा म्हणणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती, आणि ती नेमकी आपलीच निघावी!

स्वामींनी मान वर करून शांतम्मांकडे पाहिलं. मग त्यांच्या हाताकडे.

"सकाळधरनं थांबलोय," ते म्हणाले. "आजून घटकाभरानं काय मरत न्हाई."

"चारठाण्याची शेवटची जीप जाईल तुमची."

"गेली तर हितंच झोपीन. तुमचं तळण होऊ द्या."

सव्वासहाला लाईट आली. शांतम्मांनी वड्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला, कारण एवढ्या वेळात ते सुकले होते. त्यासाठी सातवा चमचा तेल लागलं आणि त्यांनी ते कुणाला न विचारता घेतलं. पहिले आठ वडे निघाले तेव्हा वैजयंतीने पान मांडलं. वाढायला ती पुढे झाली, पण शांतम्मांनी ताट डाव्या हातात घेतलं होतं.

उजव्या हाताने त्यांनी वडा उचलला. वडा हवेत थरथरला. पडणार असं वाटून वैजयंतीचा हात पुढे गेला आणि तिनेच तो मागे घेतला. वडा पानात उतरला. मग दुसरा. पाच वडे वाढायला जितका वेळ लागायचा तितका लागला, आणि तेवढा वेळ स्वामी हात जोडून बसले होते.

त्यांनी पहिला वडा मोडला. कुर्रकन मोडला. चावला, बराच वेळ चावला. दात त्यांना आता मोजकेच राहिले होते. दुसरा कढीत बुडवला. तिसराही. पाचही संपवले आणि पानात पडलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला.

गुरुसिद्धप्पांनी घसा खाकरला. "स्वामी, म्या म्हणत होतो, हिला लय तरास होतोय. पुढच्या वर्षीपसून मठातच..."

"पुढच्या श्रावणातला शेवटचा सोमवार आमचाच," शांतम्मा मधेच म्हणाल्या.

स्वामींनी दोघांकडे पाहिलं.

"मग येतो," ते म्हणाले. "पण वडे जरा मऊ करा, शांतम्मा. तवर माझे दात राहायचे न्हाईत."

"मोहन एक चमचा वाढवते," शांतम्मा म्हणाल्या आणि सहावा वडा त्यांच्या पानात ठेवला.